शिवनाथच्या काठची शाळा

नळाला पाणी कुठून येते, असे भिलाईच्या सेक्टरमधल्या मुलांना विचारले की उत्तर ठरलेले, मरोद्यातून. टाउनशिपपुरते ते खरे आहे. तांदुळा धरणाचे पाणी कालव्याने मरोदा जलाशयात येते आणि तिथून पोलाद कारखान्याला व क्वार्टरांना. पण दुर्ग शहर आणि भिलाई महापालिकेच्या वस्त्या शिवनाथ नदीवर तहान भागवतात. तांदुळासुद्धा पुढे शिवनाथलाच मिळते. गडचिरोलीच्या सीमेलगतच्या डोंगरांतून निघून शिवरीनारायणजवळ महानदीत जाणाऱ्या या नदीचे आपण सगळेच देणेकरी आहोत, आणि आपल्या मुलांना तिचे नाव परीक्षेपुरते ठाऊक आहे.

बाग राखायला भिलाईला कोणी शिकवायला नको. सोव्हिएत मैत्रीची आठवण म्हणून 1972 साली झालेली मैत्रीबाग आजही रविवारी माणसांनी फुलते. पांढरे वाघ पाहायला रायपूरहून लोक येतात. रस्त्यारस्त्याला लावलेली झाडे आता चांगली जुनी झाली आहेत. ही हौस शिवनाथच्या घाटापर्यंत का पोचली नाही? माझ्या मते, बाग आपली वाटते आणि नदी सरकारची.

नदीला धनी नसला की काय होते, ते दुर्गने पाहिले आहे. 1998 मध्ये, छत्तीसगड अजून मध्य प्रदेशात असताना, बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरवण्यासाठी शिवनाथचा सुमारे 23 किलोमीटरचा पट्टा 22 वर्षांच्या कराराने एका खासगी कंपनीच्या हाती गेला. मोहलाईच्या बाजूला बंधारा झाला. पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणाऱ्या केवटांना मासेमारीला बंदी, काठच्या शेतकऱ्यांच्या पंपांवर गदा. पुढे आंदोलने झाली आणि देशभर चर्चा झाली. पण करार झाला तेव्हा शहरात फारसे कोणी बोलले नाही. बोलणार तरी कसे? नदीशी ओळख असलेली माणसे गावात होती, शहरात नव्हती.

म्हणून घाटावर शाळा भरावी, असे मला मनापासून वाटते, आणि पहिले गुरुजी केवट असावेत. कुठे डोह आहे, पुराचे पाणी कुठून वळते, कोणता मासा कोणत्या महिन्यात चढतो, हे त्यांना तोंडपाठ. मुलांना पाण्याजवळ न्यायचे तर अशी माणसे सोबत हवीतच. या नदीने पोरे गिळली आहेत.

शिकवायला काय, एक दगडही पुरतो. उथळ पाण्यातला दगड हलकेच उचलून उलटा करायचा. खाली चपटे, शेपटीला तीन केस असलेले मेफ्लाय या किड्याचे पिल्लू चिकटलेले दिसले, तर पाण्यात प्राणवायू भरपूर आहे. चिखलात नुसत्या लालभडक अळ्या वळवळत असतील, तर सांडपाणी मुरले आहे. त्या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते, म्हणून त्या प्राणवायू कमी असला तरी जगतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले पोर नाल्यात पिशवी टाकताना थबकेल. काठावर कौहा, म्हणजे आपला अर्जुन, दिसला की त्याचे पाच पंखांचे फळ हातात द्यावे आणि त्याच्या मुळ्या काठाची माती कशी धरून ठेवतात ते दाखवावे. काठ पक्का करायला आधी सिमेंट आणायची घाई मला पटत नाही.

पुण्यात ‘जीवितनदी’ संस्थेच्या कार्यकर्त्यांनी 2014 पासून नदीशी ओळख करून देण्याचे हेच काम धरले आहे. मुठेकाठी लोकांना चालवत नेतात, नदीचा इतिहास सांगतात; विठ्ठलवाडीसारखा एक तुकडा दत्तक घेऊन तिथे पुन्हा पुन्हा जातात. मला त्यांचे हे पुन्हा पुन्हा जाणे सगळ्यात मोलाचे वाटते. एका दिवसाच्या मोहिमेचे फोटो निघतात, पण तेवढ्याने नदीशी ओळख होत नाही.

इथल्या मराठी मंडळांना सुरुवात करायला गणेशोत्सवासारखा दुसरा मुहूर्त नाही. बाप्पा आपणच शिवनाथला नेतो. विसर्जनानंतर आठवड्याने मुलांना घेऊन त्याच घाटावर जावे. शाडूची मूर्ती विरघळलेली असते, प्लास्टरची काठाला पडून असते, निर्माल्याच्या पिशव्या झुडपांत अडकलेल्या असतात. मुलांनी वहीत सगळे लिहावे, उचलावे, आणि पुढच्या वर्षी तीच वही घेऊन यावे. केवट गुरुजींना मानधन मंडळाच्या वर्गणीतून द्यावे, शिकवणीच्या शिक्षकाला देतो तसेच. पितृपक्षानंतर पाणी उतरते, काठ चालण्याजोगा होतो. केवट गुरुजींचा पहिला वर्ग तेव्हा भरवता येईल.