सामायिक विहीर आणि उघडी फाइल

भाऊबंदांच्या चार शेतांना एकच सामायिक विहीर असावी, तशी संगणकातील अनेक प्रोग्रामांना एकच लायब्ररी पुरते. वर्गमूळ काढण्याची रीत प्रत्येकाने नव्याने लिहीत बसणे हा श्रमांचा अपव्ययच होय. केंब्रिज येथील विल्क्स, व्हीलर व गिल या त्रयीने अशा तयार रीतींच्या संग्रहाविषयी १९५१ सालीच ग्रंथ प्रसिद्ध केला होता. पुढे लायब्ररीची एकच प्रत स्मृतीत आणून सर्व प्रोग्रामांनी वाटून घ्यावी, अशीही सोय झाली.

परंतु विहिरीतील गाळ काढावयाचा प्रसंग आला म्हणजे खरी अडचण कळते. पाणी तर सर्वांनाच हवे! लायब्ररीत दोष सापडतो, दुरुस्त प्रत येते. पण जुनी फाइल चालू प्रोग्रामांनी उघडून धरलेली असते. विंडोज अशी फाइल पुसूही देत नाही आणि तिच्यावर लिहूही देत नाही. म्हणून संगणक पुन्हा सुरू करण्याची सूचना वारंवार येते. लिनक्सची रीत निराळी. तेथे फाइलीचे नाव वेगळे, मजकूर वेगळा. ते नाव नव्या फाइलीस दिले, तरी जुना मजकूर शेवटचा वापरणारा सोडीपर्यंत डिस्कवर राहतो. कोणाचेच काम अडत नाही. (जुन्याच फाइलीवर नवा मजकूर लिहिला तर मात्र चालू प्रोग्राम कोसळू शकतात, तो अविचार कोणी करू नये.)

मला ही दुसरी रीत अधिक सभ्य वाटते. तथापि तिच्यात एक फसवे समाधान दडलेले आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीतील ‘हार्टब्लीड’ नामक दोष उघडकीस आला. सर्व्हरच्या स्मृतीतील गुप्त मजकूर त्यातून परक्यास वाचता येत असे. दुरुस्त फाइल डिस्कवर आली, तरी आधीपासून चालू असलेला सर्व्हर जुनीच प्रत वापरीत राही. तो पुन्हा सुरू केल्यावाचून दुरुस्ती लागू होत नसे. विंडोजची सूचना त्रासदायक खरी, पण ती खोटा धीर तरी देत नाही!

कित्येक म्हणतात, प्रत्येक प्रोग्रामाने आपली स्वतंत्र प्रत बाळगावी. मग एका दोषासाठी पन्नास ठिकाणी डागडुजी करीत कोण हिंडणार? सामायिकपणा सोडण्याचे कारण मला दिसत नाही. जो फाइल बदलतो, त्यानेच ती कोणी उघडून धरली आहे हे पाहावे आणि ते प्रोग्राम पुन्हा सुरू करावेत. लिनक्सवर ‘एलएसओएफ’ ही आज्ञा उघड्या फाइलींची यादी देते. ती वाचावयास फार वेळ लागत नाही.