उंदरांच्या बागेतून काढलेला अर्धा निष्कर्ष

व्यसन हा निव्वळ परिस्थितीचा खेळ आहे, हा याच सदरातील एका पत्रलेखकाचा दावा ‘रॅट पार्क’ प्रयोगावर बेतलेला आहे. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात ब्रूस अलेक्झांडर यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो केला. एकट्या कोंडलेल्या उंदरांनी मॉर्फिनचे गोड पाणी जास्त प्यायले, प्रशस्त जागेत कळपाने राहणाऱ्यांनी कमी. पण १९९६मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनःप्रयोगात हा फरक दिसला नाही. लोकप्रिय लेखांत हे सहसा गाळले जाते.

परिस्थितीच्या बाजूचा खरा भक्कम पुरावा माणसांतला आहे. ली रॉबिन्स यांनी १९७१मध्ये व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांची पाहणी केली. तिथे सुमारे २० टक्के सैनिक हेरॉइन वा अफूच्या आहारी गेले होते. मायदेशी पहिल्या वर्षात त्यांतील जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनाधीन झाले.

तरीही जीवशास्त्र बाद होत नाही. जुळ्यांवरील अभ्यासांनुसार दारूच्या व्यसनाच्या प्रवृत्तीतील साधारण निम्मा फरक आनुवंशिक असतो. आणि जीवशास्त्र म्हणजे केवळ बाहेरून आलेले रसायन नव्हे: जुगारात तर कोणतेही रसायन शरीरात जात नाही. तरी अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३मध्ये त्याला व्यसनांच्याच वर्गात घातले.

अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे मृत्यूचे प्रमाण घटवतात. त्यांत खंड पडला की शरीराची सहनशक्ती उतरते आणि नशेची पूर्वीचीच मात्रा जीव घेऊ शकते. म्हणून औषधे सोडून फक्त वातावरण बदलण्याचा पत्रलेखकाचा सल्ला धोक्याचा आहे.