मीठ चवीनुसार, औषध मापाने

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने एक आदेश काढला. ‘ओआरएस’ ही तीन अक्षरे यापुढे कोणत्याही खाद्यपेयाच्या नावात वापरता येणार नाहीत; पुढे-मागे एखादे अक्षर वा शब्द जोडूनही नाहीत. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी सुमारे आठ वर्षे चालवलेल्या लढ्याचे हे फळ. बातमी दोन दिवस गाजली, आणि मग ‘लेबलचा वाद’ या सदरात जमा झाली. तो लेबलचा वाद नाही. सरबत कशाला म्हणावे आणि औषध कशाला, हा तो प्रश्न आहे, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तो व्यापारी पानावर सोडून देणे बरे नव्हे.

याच प्राधिकरणाने ८ एप्रिल २०२२ रोजी अशी मनाई एकदा केली होती. तीन महिने जेमतेम उलटले तोच, १४ जुलै २०२२ रोजी, तिला पळवाट मिळाली: नोंदणीकृत व्यापारनावात ही अक्षरे चालतील, मात्र हे उत्पादन जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेले ओआरएस नव्हे असा खुलासा वेष्टणावर छापावा. म्हणजे नाव होय म्हणणार आणि खुलासा नाही म्हणणार. नाव ठळक, खुलासा बारीक. रात्री दोन वाजता मुलाला पाचवा जुलाब झाल्यावर धावत औषधाच्या दुकानात आलेल्या बापाने यातले काय वाचावे अशी अपेक्षा होती? ही तडजोड तीन वर्षांहून अधिक काळ टिकली, आणि ती टिकली याचा राग फार थोड्यांना आला.

मुळात या दोन वस्तूंचे नाते जुने आहे. इंग्रजीत फळाच्या गोड अर्काला ‘कॉर्डियल’ म्हणतात. शब्दाचे मूळ लॅटिनमधील हृदयवाचक ‘कोर’. आरंभी कॉर्डियल म्हणजे हृदयाला उभारी देणारे औषधी पेय. कालांतराने औषध गळून पडले, साखर उरली, आणि विशेषण म्हणून त्या शब्दाला ‘स्नेहपूर्ण’ असा अर्थ चिकटला. मराठीत याची हुबेहूब जोड सापडते. ‘हृद्य सत्कार झाला’ असे आज सर्रास लिहिले जाते; पण चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात ‘हृद्य’ हा औषधी द्रव्यांचा एक गण आहे. त्यात दहा द्रव्ये आहेत: आंबा, आम्रातक, लकुच, करवंद, वृक्षाम्ल, अम्लवेतस, बोरांचे दोन प्रकार, डाळिंब आणि महाळुंग. बहुतेक सगळी आंबट फळे! वृक्षाम्ल म्हणजे कोकम असे सामान्यतः मानले जाते. कोकणात उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे जो पेला ठेवला जातो, तो या अर्थाने शब्दशः कॉर्डियल आहे.

यावरून दोन चुकीचे निष्कर्ष निघतात. पहिला: म्हणजे आपले सरबत हे मुळात औषधच. दुसरा: म्हणजे जुने औषध हे मुळात सरबतच होते, बाकी श्रद्धा. दोन्ही पक्ष समाजमाध्यमांवर एकमेकांवर तुटून पडतात आणि दोघेही वस्तूकडे पाहतात, मापाकडे नाही. सरबताच्या प्रत्येक मराठी कृतीत शेवटी एक शब्द येतो, ‘चवीनुसार’. हा शब्द जिथे चालतो ते सरबत. जिथे चालत नाही ते औषध. घटकद्रव्ये तीच असली तरी.

ओआरएस हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे, कारण त्यात गूढ असे काहीच नाही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पाण्यात कालवून नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजायला सुरुवात केली. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेला मृत्युदर त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत साडेतीन टक्क्यांच्या आसपास आला. साखर, मीठ, सोडा: वाण्याच्या दुकानातील माल. महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याने या द्रावणाला ‘जलसंजीवनी’ म्हटले. नाव पुराणातले, पण ताकद ग्रॅममध्ये मोजलेली.

ती ताकद कशी काम करते? रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत मांडले की लहान आतड्याच्या पेशी ग्लुकोज आत घेतात ते सोडियमला सोबत घेऊन. या वाहक प्रथिनातून ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत जातात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. जुलाबात बाकीची दारे बिघडली तरी हे दार बहुधा चालू राहते. २००२ पासून वापरात असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५ मिलिमोल आहे. सर्व कण मिळून २४५ मिलिऑस्मोल. रक्ताचा आकडा २८५ ते २९० च्या घरात असतो. द्रावण रक्ताहून पातळ, म्हणून पाण्याचा ओघ आतड्यातून रक्ताकडे. आधीचे सूत्र ३११ चे होते. तेवढा फरकही महत्त्वाचा ठरला आणि सूत्र बदलावे लागले.

आता लिटरमागे १०० ग्रॅम साखर असलेले एखादे गोड पेय घ्यावे. बाजारात याच्या आसपासची पेये विपुल आहेत. साखरेचा रेणुभार ३४२. भागाकार केल्यास २९० मिलिमोलहून थोडे अधिक. म्हणजे नुसती साखरच रक्ताच्या बरोबरीला येते. आतड्यात तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात, आणि आकडा ५८० च्या पुढे जातो. आता ओघ उलटा: शरीरातले पाणी आतड्यात. ज्या मुलाचे पाणी आधीच जुलाबावाटे जात आहे त्याला हे पाजणे म्हणजे गळक्या माठाला आणखी एक भोक पाडणे. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, बारावीचे रसायनशास्त्र पुरते. देशातल्या लाखो विद्यार्थ्यांना येणारा हा भागाकार नियामक संस्थेच्या टेबलावर तीन वर्षे कुणी मांडला नसेल, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

नावाच्या घोळाने काय होते याचा धडा दर्यावर्दी इंग्लंडने एकदा घेतला होता. १७४७ मध्ये जेम्स लिंड यांनी स्कर्व्हीने आजारी बारा खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले, आणि संत्री-लिंबू मिळालेले दोघे सर्वांत लवकर बरे झाले. पुढे आरमाराने भूमध्य प्रदेशातील ‘लेमन’ सोडून वेस्ट इंडीजमधील ‘लाइम’चा रस घेतला. दोन्ही शब्द त्या काळी ढिलाईने एकमेकांच्या जागी वापरले जात. १८६७ मध्ये लॉकलन रोझ यांनी मद्यार्काशिवाय टिकणाऱ्या लाइम रसाचे पेटंट घेतले, आणि तो बाजारात कॉर्डियल म्हणून स्थिरावला. अर्धशतकाने, १९१८ मध्ये, लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवले की स्कर्व्ही रोखण्याची लाइमची ताकद लेमनच्या सुमारे एक चतुर्थांशच आहे. नाव सांभाळले गेले, माप हरवले.

उत्पादकांच्या बाजूने एक युक्तिवाद ऐकू येतो: ही पेये उन्हाने थकलेल्यांसाठी आहेत, जुलाबासाठी आहेत असे आम्ही कुठे म्हटले? मग ती तीन अक्षरे कशासाठी हवी होती? कोकम सरबत विकणाऱ्याला ती लागत नाहीत. भारताच्या १९५५ च्या फळउत्पादन आदेशात कॉर्डियलची सरळ व्याख्या होती, २५ टक्के रस आणि ३० टक्के विद्राव्य घन पदार्थ. त्या व्याख्येत राहून सरबत प्रतिष्ठेने विकता येते. औषधाचे नाव उसने घ्यायचे ते त्या नावावरचा विश्वास फुकट मिळावा म्हणून, आणि तो विश्वास बनगावच्या छावणीसारख्या ठिकाणी कमावलेला आहे.

घोटाळा उलट दिशेनेही होतो, आणि तो पाहायला बंगळुरूच्या जयनगरासारखी दुसरी जागा नाही. तिथल्या नवव्या ब्लॉकात जयदेव हृदयरोग संस्था आहे. २०२५ च्या जुलैत हासन जिल्ह्यातील आकस्मिक मृत्यूंच्या बातम्यांनी घाबरलेल्या लोकांची तिथे तपासणीसाठी रीघ लागली होती. अशा दिवसांत हृदयाला ‘बळ देणाऱ्या’ रसांचे आणि काढ्यांचे संदेश घरोघरी फिरतात, आणि कुणी खरे ओआरएसही शक्तिवर्धक सरबतासारखे दिवसभर घुटके घेत पितो. त्या एका लिटरमध्ये ७५ मिलिमोल सोडियम आहे, म्हणजे सव्वासतराशे मिलिग्रॅम. प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २,००० मिलिग्रॅम. पटकीच्या रुग्णाला हे मीठ जीवदान आहे, कारण तो ते गमावत असतो. हृदयाची पंप करण्याची शक्ती क्षीण झालेल्या रुग्णाला मात्र डॉक्टर मीठ आणि बऱ्याचदा पाणीही मोजून देतात. त्याच्या काही गोळ्या रक्तात पोटॅशियम साठवतात, आणि ओआरएसमध्ये लिटरला २० मिलिमोल पोटॅशियम आहे. जे पेय हृद्य समजून प्यायले जाते ते हृदयावरच भार टाकते. मिठाचे कोकम सरबतही अशा रुग्णाने विचारूनच घ्यावे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने दिशाभूल करणारी पेये दुकानांतून आणि ऑनलाइन बाजारातून काढून टाकण्याचे निर्देश राज्यांना दिले. कुठे जुना माल दिसला तर वेष्टण उलटून दोन गोष्टी पाहाव्यात. परवाना औषधाचा आहे की अन्नपदार्थाचा? आणि सूत्रात सोडियम, ग्लुकोज, पोटॅशियम, सायट्रेट यांची मापे दिली आहेत का? पावडर असेल तर ती किती पाण्यात कालवायची तेही तिथे लिहिलेले असते. एक लिटर म्हटले असेल तर एकच लिटर घ्यावे. अर्ध्या लिटरात कालवलेले ओआरएस म्हणजे दुप्पट तीव्रतेचे द्रावण, आणि लहान मुलाच्या बाबतीत तेही धोक्याचे.