उडणाऱ्या वीराचे वजन

गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या आठवीच्या विद्यार्थ्यांनी एक लहानसा नाट्यप्रवेश सादर केला. चित्रपटांतून पाहिलेल्या एका महाबली वीराची त्यात नक्कल होती. लहानथोर सर्वजण हल्ली ज्यास 'सुपरहीरो' म्हणतात, तोच हा. अंगात निळा सदरा, पाठीवर तांबडी ओढणी, आणि पराक्रम म्हणाल तर उलटलेल्या बैलगाडीखाली सापडलेल्या म्हाताऱ्यास सोडविण्यासाठी ज्वारीची दोन पोती दोन हातांनी उचलून बाजूस भिरकावणे. पोत्यांत अर्थातच भुसा होता. वीराने ती उशी उचलावी तशी उचलली, आणि मंडपात एकच हशा पिकला.

हसणारी मंडळी झरीची व आसपासच्या खेड्यांची होती. ज्यांचे अर्धे आयुष्य खळ्यावर आणि मोंढ्यात पोती उचलण्यात गेले, अशी. त्यांच्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. तथापि मुले हिरमुसली. प्रवेश संपल्यावर एक पालक पडद्यामागे आले आणि त्या वीराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बाळा, तुझ्या अंगात धा हत्तींचं बळ असंल, न्हाई कोण म्हणतंय? पण पोत्यात क्विंटलभर ज्वारी हाय ना? तिचं वजन कुठं गेलं?" मग त्यांनी स्वतः वाकून दाखविले. गुडघे कसे मोडावे, पोत्याचे कोपरे कसे धरावे, श्वास कसा कोंडतो, आणि उचलल्यावर पहिले पाऊल कसे लटपटते. दुसऱ्या दिवशी बक्षीस समारंभात तोच प्रवेश पुन्हा झाला. त्या वेळी कोणी हसले नाही. पोत्यांत भुसाच होता.

कथेतील महाबली जेव्हा पडद्यावर येतो, तेव्हा आपण कधी त्याच्यावर विश्वास ठेवतो आणि कधी 'ही निव्वळ थाप आहे' असे म्हणून जांभई देतो, याचा आम्ही पुष्कळ दिवस विचार करीत होतो. त्या पालकांनी एका वाक्यात आमचे काम केले. वीर किती बळकट आहे यावर आमचा विश्वास मुळी अवलंबून नसतोच. जगाचे वजन जागेवर आहे की नाही, इतकेच आम्ही पाहतो. जड वस्तू जड असली, घरात दळण संपलेले असले, पडलेल्यास लागत असले, म्हणजे माणूस खुशाल आकाशात उडो. आम्ही माना वर करून पाहावयास तयार आहोत.

ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रात काही नवी नव्हे. दादासाहेब फाळके यांनी 1911 च्या सुमारास मुंबईत येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट पाहिला, आणि तो पाहता पाहता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे आपले राम-कृष्ण उभे राहिले. 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' निघाला, 1917 मध्ये 'लंकादहन', 1919 मध्ये 'कालिया मर्दन'. उड्डाण करणारा मारुती आणि नागाच्या फणीवर नाचणारा बाळकृष्ण, हेच आपल्या पडद्यावरील पहिले महाबली. कथा घरोघर पाठ, आणि साधने म्हणाल तर अगदी तुटपुंजी. 'लंकादहना'त राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच गृहस्थाने केल्या. हा गृहस्थ पूर्वी एका उपाहारगृहात आचारी होता! आज कोणी असे केले तर आमची मुले पोट धरून हसतील. त्या काळचे प्रेक्षक मात्र, असे सांगतात, पडद्यावर राम दिसताच पायांतील वहाणा काढून ठेवीत.

त्याहून आम्हांस 'कालिया मर्दना'चा आरंभ अधिक विचार करण्याजोगा वाटतो. कृष्णाची भूमिका फाळके यांची लहानगी कन्या मंदाकिनी हिने केली होती. चित्रपट सुरू होतो तो कृष्णाने नव्हे, तर त्या मुलीने. ती आपल्यासमोर येऊन चेहऱ्यावर नाना भाव दाखविते, आणि मग पाहता पाहता तिच्या जागी कृष्ण दिसू लागतो. जादूगाराने आपली पिशवी आधी उलटी करून दाखवावी, तसा हा प्रकार. 'ही आमची मुलगी आहे, आता हिला देव समजा,' असे सांगितल्याने प्रेक्षकांचा भ्रम मोडावयास हवा होता. परंतु झाले उलटेच. मूल खरे आहे हे एकदा पटले की त्या मुलाने यमुनेच्या डोहात उडी घेतल्यावर जीव खरोखरच खालीवर होतो. संगणकाने घडविलेला, ज्यास कधी ठेच लागलीच नाही असा देह डोहात पडला, तर कोणाच्या काळजाचा ठोका चुकणार?

पुढे 1936 मध्ये पुण्याच्या प्रभात कंपनीने 'संत तुकाराम' काढला. दामले आणि फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस यांचे तुकोबा. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. या चित्रपटात चमत्कार थोडेथोडके नाहीत. शेवटी तर तुकोबा सदेह वैकुंठास जातात. ते आपण का मानतो? आमचे उत्तर असे, की जिजाईमुळे. गौरी या नटीने उभी केलेली ती जिजाई मुलाच्या दुखण्याने संतापून पायातील वहाण हाती घेऊन थेट विठोबाच्या देवळात शिरते. तिला मुलांच्या पोटाची चिंता आहे, तिच्या दारात म्हैस आहे. नवरा वैकुंठाच्या गोष्टी बोलतो तेव्हा हिचे चित्त चुलीपाशी असते. ती जमिनीवर इतकी घट्ट उभी आहे, म्हणूनच तुकोबांचे विमान वर जाताना दिसते. ती नसती, तर ते दोऱ्यांनी ओढलेले एक लाकडी खेळणे झाले असते.

परदेशच्या वीरांकडे पाहिले तरी हेच आढळते. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी चितारलेला 'सुपरमॅन' 1938 मध्ये प्रथम छापून आला. त्यावरून रिचर्ड डॉनर यांनी 1978 मध्ये केलेला चित्रपट आजही लोक आठवतात. क्रिस्टोफर रीव्ह या नटाने त्यात उडण्याचे काम तर केलेच. पण चष्मा लावून, खांदे पाडून, अडखळत चालणारा जो वार्ताहर त्याने उभा केला, तो आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. त्यातील एक प्रसंग विसरता येत नाही. त्यास वाढविणारा शेतकरी बाप अंगणातच हृदयविकाराने कोसळतो, आणि ज्याच्या अंगी एवढे सामर्थ्य त्या पोरास काहीही करता येत नाही. तेथे आम्ही त्यास आपला म्हटले. तोच वीर शेवटी पृथ्वी उलटी फिरवून मेलेल्या प्रियेस परत आणतो, तेव्हा मात्र आमचा हिरमोड झाला. मरणही पुसता येते असे एकदा ठरले, म्हणजे भिण्यासारखे उरले काय? खेळाचे नियम खेळ चालू असता बदलू नयेत, हे आमची विटीदांडू खेळणारी मुलेसुद्धा जाणतात.

सॅम रायमी यांचा 2004 चा दुसरा 'स्पायडरमॅन' या बाबतीत फार सावध आहे. त्यातील पोराचे घरभाडे थकलेले आहे, नोकरी टिकत नाही, आणि त्याचा तो प्रसिद्ध पोशाख इतर कपड्यांबरोबर धुतल्याने पांढऱ्या कपड्यांस रंग लागतो! असा हा पोरगा भरधाव आगगाडी आपल्या अंगबळाने थोपवितो आणि शुद्ध हरपून पडतो. डब्यातील उतारू त्यास डोक्यांवरून हातोहात आत नेतात, आणि मुखवटा नसलेला चेहरा पाहून चकित होतात, की हा तर लहान मुलगा! आमच्या मते साऱ्या चित्रपटाचे सार त्या एका क्षणात आहे. येथे माणसे वीरास उचलतात, आणि त्यास वजन आहे हे आपल्याही हातांस कळते.

याउलट उदाहरण द्यावयाचे तर 2023 मधील 'आदिपुरुष'चे द्यावे लागेल. ओम राऊत यांनी रामायणावर केलेला हा खर्चिक चित्रपट. त्याची पहिली झलक पाहून लोकांनी चित्रांस नावे ठेवली. तेव्हा प्रदर्शन पुढे ढकलून चित्रे सुधारण्यात आली. चित्रपट आला, आणि लोक दुखावले ते मारुतीच्या तोंडच्या भाषेने! ते संवाद मग प्रदर्शनानंतर बदलावे लागले. आम्हांस यात नवल वाटत नाही. मारुतीची शेपटी कशी असावी याविषयी कोणाचे निश्चित मत नसते. परंतु मारुती कसा बोलेल, हे गावातील प्रत्येक पोरास ठाऊक असते. पारावरच्या देवळात त्याची त्याच्याशी रोजची भेट असते.

येथे मूळ कथेशी इमान राखण्याचा प्रश्न निघतो. आमचे काही विद्यार्थी याबाबत फार कर्मठ आहेत. पुस्तकातील एक अक्षर बदलले तरी त्यांस खपत नाही. त्यांनी भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेकडे पाहावे. बनेश फेणे काही उडत नाही. पण मराठी मुलांचा वीर म्हणावयाचा तर तोच. फुरसुंगीचा तो शाळकरी, सायकलवाला पोरगा 2017 च्या चित्रपटात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यास आलेला तरुण झाला. वय बदलले, काळ बदलला, कथानक तर सगळेच नवे. तरीसुद्धा अमेय वाघ यांच्या तोंडून तो 'ट्टॉक' निघाला, आणि दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसण्याची ती जुनी खोड दिसली, की पालकांनी आपला लहानपणचा सोबती ओळखला. पोशाख व प्रसंग हे वीराचे वरचे साल. स्वभाव हा गाभा. तो राखला की पुरे, असे आम्ही म्हणतो.

परंतु या साऱ्यांत आमचे मन जेथे खरोखर गुंतले, तो चित्रपट कोणत्याही मोठ्या कंपनीचा नव्हे. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. तेथे व्हिडिओगृह चालविणारे नासिर शेख यांनी गावातल्याच मंडळींना हाताशी धरून 2000 मध्ये 'मालेगाव के शोले' काढला, आणि पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'. नायक कोण? शफीक नावाचा, मागावर काम करणारा, काडीसारखा बारीक तरुण. हिरव्या कापडापुढे त्यास आडवे धरून उडविले, आणि मागचे आकाश संगणकावर भरले. चित्रण चालू असता एकुलता एक कॅमेरा पाण्यात पडला. मध्येच नायकाचे लग्न निघाले. ही सर्व खटपट फैझा अहमद खान यांनी आपल्या 2008 च्या माहितीपटात टिपून ठेवली आहे. ती पाहताना हसू येते, आणि हसता हसता घसा दाटतो.

त्या चित्रपटातील उड्डाण कोणासही खरे वाटण्यासारखे नाही. मग खरे काय आहे? या सुपरमॅनचे शत्रू परग्रहावरचे नाहीत. मालेगावची घाण आणि तेथील तोंडातोंडांत बसलेली तंबाखू, यांच्याशी त्याची झुंज आहे. मागाच्या खडखडाटात बारा-बारा तास उभे राहणाऱ्या माणसास उडावेसे का वाटते, हे त्या गावास कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. अमेरिकेचा वीर उचलून त्यास आपल्या गल्लीतील धूळ खाऊ घालणे, यासच आम्ही खरे रूपांतर म्हणू. पुढे शफीकचा मुखाच्या कर्करोगाने अंत झाला. रीमा कागती यांच्या 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' या 2025 मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटात त्या मित्रमंडळाची कथा आली आहे. पालकांनी तो मुलांसह अवश्य पाहावा, आणि पाहून झाल्यावर आपापल्या खिशातील पुडीकडेही एक नजर टाकावी. एवढे म्हणण्याचा अधिकार आम्ही घेतो.

आमचे एक सहकारी म्हणतात, की लहान मुलांना इतके सगळे लागत नाही. धडाड्-धुडूम झाले, दिवे चमकले, की ती खूश. हे काही अंशी खरे असेल. परंतु आम्ही परभणीहून चित्रपट पाहून परतणाऱ्या मुलांचे बोलणे एसटीत कान देऊन ऐकले आहे. चमकलेले दिवे जिंतूर रस्त्याला लागेपर्यंत विसरलेले असतात. "त्याच्या आईला कळलं का रे शेवटी?" हा प्रश्न मात्र झरीच्या थांब्यावर उतरल्यावरही चालू असतो.

यंदाच्या संमेलनासाठी तीच मुले नवा प्रवेश लिहीत आहेत. या खेपेस वीर उडणार आहे, असे आम्हांस कळविण्यात आले आहे. तो शाळेच्या सायकलशेडवर उतरणार असे ठरत होते; इतक्यात नववीतील एका मुलीने विचारले, की वरचे पत्रे फुटले तर ते भरून कोण देणार, आणि त्याच्या घरी ते कोण सांगणार? यावर दोन दिवस वाद चालला. काल मुले शेडवरचे पत्रे मोजून आली. बत्तीस आहेत. प्रवेशाचा दुसरा अंक आता त्या पैशांवर लिहिला जात आहे.