एकाच सनईचे दोन सूर

सनई म्हटली की डोळ्यांपुढे मांडव उभा राहतो. आपल्या महाराष्ट्रात घर कुणाचेही असो, सनई-चौघडा ऐकू आला की शादी आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. या वाद्याला मैफलीत मानाचे आसन मिळवून दिले ते उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी. २१ मार्च १९१६ रोजी बिहारमधील डुमराँव येथे त्यांचा जन्म झाला. बनारसला मामा अलीबख्श यांच्याकडे ते सनई शिकले. २००१ साली त्यांना भारतरत्न मिळाले आणि २१ ऑगस्ट २००६ रोजी बनारसमध्येच त्यांचे निधन झाले. कितीतरी घरांत रेडिओवरची त्यांची सनई ऐकत सकाळ व्हायची.

याच सनईचा दुसरा सूर मात्र बनारसबाहेर फार थोड्यांना ठाऊक होता. खाँसाहेब शिया घराण्यातले. मोहरमचे दहा दिवस त्यांच्या खानदानात कुणी मैफल करत नसे. आठव्या तारखेला मात्र खाँसाहेब सनई हाती घेत आणि दालमंडीतून फातमानपर्यंत सुमारे आठ किलोमीटर पायी नौहा वाजवत, रडत जात. त्या दिवशी कुठला राग नाही, बिदागी नाही. हजरत इमाम हुसैन (रजि.) आणि करबलाच्या शहीदांचा शोक एवढेच. पुढे त्याच फातमानमध्ये त्यांचे दफन झाले.

वाद्य तेच, वाजवणाराही तोच. एके दिवशी ऐकणाऱ्याचा चेहरा उजळतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे वाहू लागतात. मग आनंद आणि दुःख सनईत असते, की ऐकणाऱ्याच्या मनात?

हा प्रश्न जुना आहे. इमाम गजाली (रह.) यांचा इंतकाल ११११ साली झाला. त्यांच्या ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात समा आणि वज्द यांवर एक स्वतंत्र भाग आहे. त्यात त्यांनी मांडलेला मुद्दा साधा आहे: गाणे मनात नसलेली गोष्ट आणून ठेवत नाही, मनात जे आहे ते हलवते. म्हणून एकच गाणे हजच्या वाटेवरच्या माणसाला काबागृहाची ओढ लावते, सैनिकाला जोश देते आणि ईद-शादीत खुशी वाढवते. दुःखाचेही त्यांनी दोन प्रकार सांगितले. जे हातून गेले त्याबद्दल अल्लाहच्या फैसल्यावर कुढत बसणे, हे दुःख बरे नव्हे. आपल्या चुकांची आठवण होऊन डोळे भरून येणे, हे दुःख चांगले. पहिले दुःख वाढवणाऱ्या स्वरापासून दूर राहावे आणि दुसरे जागवणाऱ्या स्वराला अडवू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे.

संगीताच्या बाबतीत उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि प्रत्येक घराची आपली रीत असते. त्या वादाचा निवाडा करणे हे या सदराचे काम नाही. पण आवाजाने मन हलते, हे कुणीच नाकारलेले नाही. बुखारी शरीफमधल्या दोन हदीस पाहा. ईदच्या दिवशी हजरत आएशा (रजि.) यांच्या घरी दोन मुली गात होत्या. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी त्यांना टोकले, तेव्हा पैगंबरांनी (स.) ईदचा दिवस आहे म्हणून त्यांना गाऊ दिले. त्या गात होत्या ती गाणी होती बुआसच्या लढाईची, म्हणजे मदीनेच्या दोन कबिल्यांनी एकमेकांचे रक्त सांडले त्या दिवसाची. खुशीच्या दिवशी ओठांवर आले ते जुन्या जखमेचे गाणे! दुसरी हदीस कुरआन पठणाची. किरअत म्हणजे संगीत नव्हे, हे आपण सारे जाणतो. तरीही ऐकण्याची ताकद त्यातून कळते. पैगंबरांनी (स.) हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) यांना कुरआन ऐकवायला सांगितले. दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला आपल्याला आवडते, असे ते म्हणाले. सूरह निसाच्या एका आयतीपाशी इब्न मसऊद (रजि.) पोहोचले आणि पाहतात तो पैगंबरांच्या (स.) डोळ्यांतून अश्रू वाहत होते. आवडीने ऐकणे आणि रडणे, दोन्ही एकाच बैठकीत.

आता आपल्या घरातली मेहंदीची रात्र घ्या. ढोलकी घुमत असते, मुलींची चेष्टामस्करी रंगलेली असते. तेवढ्यात एखादी फुफी बाबुलचे गाणे सुरू करते. नवरीची अम्मी ओढणीचे टोक डोळ्यांना लावते. ज्यांच्या रुखसतीला तीस-तीस वर्षे झाली त्या बायकाही रडू लागतात. कुणीतरी म्हणते, “अगं, शादीच्या घरात रडणे कसले? दुसरे काही गा.” पण दुसऱ्या दिवशी त्याच बायका सांगतात, “काल काय मजा आली!” त्यांना विचारले तर नीट सांगता येणार नाही. ज्या दुःखाला रोजच्या धबडग्यात जागा मिळत नाही, त्याला त्या रात्री दहा मिनिटे मिळतात आणि आजूबाजूला आपल्यासारख्याच दहाजणी असतात. रडून हलके वाटते ते यामुळेच.

आपल्याकडे ‘उर्स’ हा शब्द रोजच्या वापरातला आहे. त्याचा मूळ अर्थ शादी. वलीच्या वफातीच्या दिवसाला शादीचे नाव दिले, कारण तो मालिकाला भेटण्याचा दिवस मानला. मिरजेला हजरत ख्वाजा मीरासाहेब यांच्या दर्ग्यात दरवर्षी उर्सामध्ये गवई हजेरी लावतात. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर तिथेच आहे. १९३७ साली ते गेले. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळतात. त्यांच्या आवाजात करुणा आहे असे जाणकार सांगतात, पण ती ऐकून कुणी उदास होऊन घरी जात नाही.

आजचे शास्त्रही याच्या जवळपास पोहोचले आहे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना गाणे ऐकून अंगावर शहारे येतात अशा माणसांना त्यांच्याच आवडीचे संगीत ऐकवून त्यांच्या मेंदूची तपासणी केली. शहाऱ्याच्या क्षणी मेंदूत डोपामीन नावाचे द्रव्य सुटते, असे दिसले. आवडता पदार्थ खाल्ल्यावर सुटते तेच. ती आवडती जागा आता येणार, या नुसत्या वाट पाहण्यातही ते सुटत होते. म्हणजे डोळ्यांत पाणी आणणारा सूरही मेंदू बक्षिसासारखा घेऊ शकतो.

हे सारे सांगण्याचे कारण घरातलेच आहे. दादी एखादे जुने गाणे किंवा नात ऐकताना रडू लागली की आपण घाईघाईने मोबाईल बंद करतो. तिला त्रास होतो, असे आपल्याला वाटते. कधी तसे असेलही. घरात नुकताच कुणाचा इंतकाल झाला असेल, तर गेलेल्या माणसाच्या आवडीचे गाणे सोसवत नाही. तेव्हा ते न लावणेच बरे. पण दरवेळी तसे नसते. दादाजान गेल्याला पंधरा वर्षे झाली असतील आणि त्या चार मिनिटांत ते तिच्या शेजारी येऊन बसत असतील. आपण बटण दाबतो आणि त्यांना उठवून लावतो. शिवाय तिला वाटते, आपल्या रडण्याने मुले कंटाळली. मग पुढच्या वेळी ती ऐकायलाच नको म्हणते.

म्हणून एवढेच करा. बंद करण्याआधी विचारा, “दादी, राहू दे की बंद करू?” ती राहू दे म्हणाली, तर पाण्याचा पेला ठेवून शेजारी बसा. गाणे संपल्यावर हळूच विचारा की हे पहिल्यांदा कुठे ऐकले होते. घरातल्या कितीतरी गोष्टी ज्या कुठल्या कागदावर नाहीत, त्या अशा वेळी बाहेर येतात. तरुण मुलगा कानात हेडफोन घालून रात्र-रात्र उदास गाणी ऐकत असेल, तर त्यालाही ओरडण्याआधी विचारा. गाणे त्याच्या मनात नसलेले काही आणत नसेल, तर जे आहे ते काय आहे, हे अम्मी-अब्बांना कळायला हवे.