क्षमेचा अधिकार आणि सुखान्ताची घाई

लोकप्रिय वाङ्मयाचा विचार करताना समीक्षेला दोन सोयीच्या वाटा नेहमीच उपलब्ध असतात. एक, त्याला रंजनवादी ठरवून न वाचताच बाजूला सारणे. दुसरी, असंख्य वाचकांना त्यातून दिलासा मिळतो म्हणून त्याची मूल्यचिकित्साच अप्रस्तुत मानणे. अमेरिकेतील इव्हँजेलिकल वाचकवर्गात रुजलेल्या ‘प्रेरणादायी’ ख्रिस्ती ऐतिहासिक प्रणयकादंबरीच्या वाट्याला या दोन्ही भूमिका आलेल्या आहेत. पहिलीत तुच्छता आहे, दुसरीत औदार्य आहे; परंतु दोहोंची परिणती एकच. या कादंबरीला काय म्हणावयाचे आहे, ते कोणीच गंभीरपणे ऐकून घेत नाही. वस्तुतः तिचे म्हणणे गंभीर आहे. ईश्वरी कृपा पोहोचू शकणार नाही एवढे मोठे पाप मनुष्य करू शकत नाही, आणि हे सत्य एका स्त्री-पुरुषाच्या प्रेमकथेतून दाखविता येते, असे ती म्हणते. प्रश्न एवढाच, की या कृपेची किंमत कथानकात कोण मोजतो?

या प्रकाराचा इतिहास तसा जुना नाही. कॅथरीन मार्शल यांची ‘ख्रिस्टी’ १९६७ साली आली. डोंगराळ अ‍ॅपलेशियात शिकवायला गेलेल्या तरुणीची ती कथा. जॅनेट ओक यांच्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ने १९७९ मध्ये, सीमाप्रदेशात विधवा झालेली तरुणी आणि मुलीसह एकटा राहिलेला विधुर यांच्या निरुपायाच्या लग्नातून उमलत जाणाऱ्या प्रेमाचा साचा स्थिर केला. फ्रान्सीन रिव्हर्स यांची ‘रिडीमिंग लव्ह’ १९९१ साली एका सर्वसाधारण प्रकाशनाकडून आली आणि १९९७ मध्ये संस्कारित स्वरूपात ख्रिस्ती प्रकाशनाकडून पुन्हा प्रसिद्ध झाली. २०२२ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. होशेय संदेष्टा आणि त्याची व्यभिचारी पत्नी गोमेर यांचे बायबलमधील आख्यान तिने १८५० च्या कॅलिफोर्नियात, सोन्यासाठी धावणाऱ्यांच्या गर्दीत नेऊन ठेवले. एव्हाना प्रकाराची लक्षणे निश्चित झाली होती : ऐतिहासिक काळ, संयत प्रणय, श्रद्धेचे संकट, एखादे दडलेले रहस्य आणि अखेरीस विवाह व विश्वास यांचा एकाच वेळी होणारा स्वीकार.

मराठी अभ्यासकाला हा रूपबंध ओळखीचा वाटावा. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या आरंभीच्या वळणांवरून तीन प्रवृत्ती कल्पिल्या आहेत : ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) यांच्या नावांच्या. मराठीत ज्या प्रवृत्ती वेगवेगळ्या वाटांनी गेल्या, त्या या अमेरिकन प्रकाराने एकाच पुस्तकात कोंडल्या आहेत. धर्मनिष्ठ प्रयोजन ‘यमुनापर्यटना’चे, संकटांच्या मालिकेतून सुखान्ताकडे जाणारी अद्भुतरम्यता ‘मुक्तामाले’ची आणि इतिहासाची पार्श्वभूमी ‘मोचनगडा’ची. मात्र या तिहींची गृहीतके परस्परांशी जुळत नाहीत. इतिहासात जे घडले ते वेगळेही घडू शकले असते. अद्भुतरम्य कथेत शेवट आधीच ठरलेला असतो. ही विसंगती हा प्रकार कशी मिटवितो? दैवी योजनेच्या कल्पनेने. जे घडले ते या दोघांची भेट व्हावी म्हणूनच घडले, असे एकदा मानले की इतिहास प्रणयाचा सेवक होतो.

रहस्याचा अंश येथेच उपयोगी पडतो. रहस्यकथेचे नीतिशास्त्र साधे पण कठोर असते : गुन्हा झाला आहे, तो कोणीतरी केला आहे, आणि त्या ‘कोणीतरी’चे नाव शेवटी उच्चारले गेलेच पाहिजे. ख्रिस्ती ऐतिहासिक प्रणयकादंबरी रहस्यकथेची उत्कंठा उसनी घेते, परंतु तिचे नीतिशास्त्र घेत नाही. येथे पकडला जातो तो अपहरण करणारा, दस्तऐवज लपविणारा किंवा वारसा बळकावणारा एखादा खलपुरुष. त्याला शासन झाले की न्याय झाल्याचे समाधान वाचकाला मिळते आणि ज्या भूमीवर ही कथा घडते ती भूमी कोणाकडून, कशी घेतली गेली, हे त्याहून मोठे रहस्य उकलण्याची गरजच उरत नाही. लहान गुन्ह्याचा छडा लावून मोठ्या गुन्ह्याचा विसर पाडण्याची ही युक्ती आहे.

हे प्रतिपादन अमूर्त वाटू नये म्हणून एक उदाहरण पाहता येईल. कॅरेन विटमायर यांची ‘अ‍ॅट लव्ह्‌ज कमांड’ ही कादंबरी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. २०२१ साली ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या संस्थेने धार्मिक वा आध्यात्मिक आशयाच्या प्रणयकादंबरीसाठी असलेले आपले ‘व्हिव्हियन’ पारितोषिक तिला दिले. कादंबरीचा आरंभ होतो वुंडेड नी येथे. २९ डिसेंबर १८९० रोजी अमेरिकन घोडदळाच्या सातव्या रेजिमेंटने तेथे लकोटा लोकांची कत्तल केली. मृतांची संख्या दीडशेपासून तीनशेपर्यंत सांगितली जाते. त्यांत स्त्रिया व मुले मोठ्या प्रमाणात होती. कादंबरीचा नायक या घोडदळातील अधिकारी आहे. त्या दिवसाच्या दर्शनाने त्याचे मन विटते, तो सैन्य सोडतो आणि टेक्सासमध्ये दुर्बलांचे रक्षण करणाऱ्या एका तुकडीचा नायक होतो. पुढे एक स्त्री-डॉक्टर, तिच्या भावाचे अपहरण, सुटकेचे साहस आणि प्रेम. वाचकांनी तीव्र आक्षेप घेतले. संस्थेने पारितोषिक काही दिवसांतच मागे घेतले. त्याआधी दिलेल्या स्पष्टीकरणाचा आशय असा, की पापमुक्तीकडे जाणारी वाट हा या उपप्रकाराचा संकेतच आहे, आणि मानवी उपायांनी ज्याची मुक्ती होऊ शकत नाही अशा पात्राला आध्यात्मिक जागृतीनेच ती मिळते. २०२४ मध्ये त्या संस्थेने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. प्रश्न मात्र संस्थेपुरता नव्हता.

संस्थेचे पहिले स्पष्टीकरण तिच्या नंतरच्या माघारीपेक्षा अधिक प्रामाणिक होते, असे म्हटले पाहिजे. त्याने दोष लेखिकेच्या गळ्यात न घालता प्रकाराच्या संकेतावर बोट ठेवले. फक्त त्याला तो बचाव वाटला. संकेत म्हणजे काही निसर्गनियम नव्हे. संकेताची चिकित्सा करणे हेच तर समीक्षेचे काम. येथे तो संकेत काय घडवून आणतो? शेकडो माणसांचा मृत्यू हा एका माणसाच्या अंतःकरणातील घटना होतो. लकोटा माणसे कथेत येतात ती मरण्यासाठी. नंतर ती उरतात ती नायकाच्या पश्चात्तापाच्या रूपाने. पश्चात्ताप त्याचा, प्रार्थना त्याची, क्षमा ईश्वराची, सांत्वन नायिकेचे. या संपूर्ण व्यवहारात ज्यांच्याविरुद्ध अपराध घडला त्यांना जागाच नाही. अमेरिकेच्या काँग्रेसने १९९० मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी, या हत्याकांडाबद्दल ठरावाने खेद व्यक्त केला. खेद व्यक्त करणारा स्वतःच आपल्या खेदाची पावती फाडतो, हा त्या राजकीय भाषेचा आणि या कादंबरीचा समान व्याकरणनियम आहे.

हे एकटे उदाहरण नव्हे. केट ब्रेस्लिन यांची ‘फॉर सच अ टाइम’ ही २०१४ ची कादंबरी एस्तेर राणीची कथा १९४४ च्या टेरेझिनश्टाट छावणीत नेते. नायिका यहुदी, नायक छावणीचा नाझी अधिकारी. कथेच्या ओघात नायिका ख्रिस्तश्रद्धेकडे वळते. २०१५ मध्ये तिला याच संस्थेच्या ‘रीटा’ पारितोषिकांच्या दोन विभागांत अंतिम नामांकन मिळाले, आणि तेव्हाही मोठा वाद झाला. टेरेझिनश्टाटमध्ये सुमारे ३३,००० माणसे मरण पावली. ८५,००० हून अधिक माणसांना तेथून पुढे, बहुतांशी मृत्यूकडेच, पाठविले गेले. मूळ एस्तेरच्या ग्रंथाविषयी एक गोष्ट प्रसिद्ध आहे : हिब्रू संहितेत ईश्वराचे नाव एकदाही येत नाही. परकीय सत्तेखाली, मौन ईश्वराच्या साक्षीने, एका समाजाने स्वतःचा बचाव केला, आणि तो स्वतःच्या धर्मासह शिल्लक राहिला, हा त्या आख्यानाचा गाभा. प्रणयकादंबरीने हे मौन शब्दांनी भरून टाकले आणि वाचलेल्या समाजाच्या प्रतिनिधीला दुसऱ्या श्रद्धेच्या स्वाधीन केले. ज्या आख्यानाचा विषयच वेगळेपणाचे रक्षण हा आहे, त्याचा शेवट वेगळेपणाच्या विसर्जनात करणे याला पुनर्कथन म्हणता येत नाही. तो विपर्यास होय.

यावर वाचकलक्ष्यी समीक्षेकडून एक युक्तिवाद येतो. जॅनिस रॅडवे यांनी ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) मध्ये दाखविले, की प्रणयकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रिया भाबड्या नसतात. घरकामाच्या अखंड मागणीतून स्वतःसाठी वेळ काढण्याचे ते साधन असते. लिन नील यांच्या ‘रोमान्सिंग गॉड’ने (२००६) इव्हँजेलिकल वाचक स्त्रियांच्या बाबतीत असेच काही मांडले : या कादंबऱ्यांतून त्यांना ईश्वराच्या प्रेमाचा प्रत्यय येतो. ही निरीक्षणे मोलाची आहेत आणि अभिरुचीच्या अहंकाराला त्यांनी दिलेला धक्का योग्यच आहे. परंतु त्यांतून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. वाचकाला काय मिळते हे त्यांतून कळते. ते कोणाच्या खर्चाने मिळते हे कळत नाही. शिवाय येथे ‘वाचक’ म्हणून कोणाला गृहीत धरले जाते? लकोटा स्त्री, छावणीतून वाचलेल्यांची नात, याही वाचकच आहेत. त्यांचा प्रत्यय जमेस न धरणारी वाचकलक्ष्यी समीक्षा ही गिऱ्हाईकलक्ष्यी समीक्षा असते.

दुसऱ्या बाजूने असेही म्हटले जाईल की दोष ख्रिस्ती श्रद्धेचाच आहे. प्रयोजन आले की कला संपली. हाही आळशी निवाडा आहे. ज्या परंपरेचे नाव हा प्रकार घेतो, त्या परंपरेतच त्याची सर्वांत कठोर टीका उपलब्ध आहे. नाझी सत्तेला विरोध केल्याबद्दल १९४५ मध्ये फाशी गेलेले धर्मचिंतक डीट्रिश बोनहोफर यांनी १९३७ मध्येच ‘स्वस्त कृपे’वर कोरडे ओढले होते, पश्चात्तापाविना, अनुसरणाविना आणि वधस्तंभाविना मिळणारी क्षमा ही त्यांच्या दृष्टीने चर्चची शत्रू होती. मत्तयाच्या शुभवर्तमानातही क्रम स्पष्ट आहे : वेदीवर अर्पण ठेवण्यापूर्वी दुखावलेल्या बंधूकडे जाऊन समेट करावयाचा आहे. प्रणयकादंबरीचा नायक वेदीपाशी वेळेवर पोहोचतो, लग्नाच्याही आणि अर्पणाच्याही. बंधूकडे जाण्याची वाट मात्र कथानकात आखलेलीच नसते. म्हणजे ही कादंबरी फार धार्मिक आहे असा आक्षेप घेण्याचे कारण नाही. ती पुरेशी धार्मिक नाही, हा खरा आक्षेप.

श्रद्धानिष्ठ प्रयोजन असूनही कादंबरी वेगळी वाट धरू शकते, याचा पुरावा मराठीत आहे. बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये ख्रिस्ती दीक्षा घेतली आणि तीन वर्षांनी, विधवाविवाहाच्या कायद्याला जेमतेम एक वर्ष लोटले असताना, ‘यमुनापर्यटन’ लिहिले. त्यातही धर्मांतर आहे, पुनर्विवाह आहे, उपदेश तर भरपूर आहे. कलाकृती म्हणून तिच्यात उणिवा काढणे अवघड नाही. परंतु एक गोष्ट तिने अमेरिकन प्रकाराआधी शंभरहून अधिक वर्षे ओळखली होती. पतीबरोबर प्रवास करताना यमुना विधवांची दुःखे पाहते, ऐकते. आणि पुढे ती स्वतः विधवा होते. साक्षीदाराला पीडितांच्या बाहेर सुरक्षित उभे राहू दिले जात नाही. इतरांची दुःखे तिच्या आत्मशुद्धीची साधने राहत नाहीत, ती तिच्या वाट्याला येतात. शिवाय त्या स्त्रियांना कथेत तोंड आहे, त्या बोलतात. मराठी समीक्षेने या कादंबरीला ‘पहिली’ म्हणून मान देण्यात आणि ‘प्रचारी’ म्हणून तो मान आखडता घेण्यात बराच काळ घालविला. प्रचाराचेही नैतिक रूपबंध वेगवेगळे असतात, इकडे तिचे लक्ष कमीच गेले.

तेव्हा या परक्या प्रकाराकडे पाहून मराठी वाचकाने नाक मुरडण्यापूर्वी थोडे थांबावे. ऐतिहासिक प्रणयाची हौस मराठी कादंबरीलाही कमी नाही, आणि दैवी योजनेची जागा येथे राष्ट्रगौरवाने घेतलेली आहे. अठराव्या शतकाच्या पाचव्या दशकात मराठ्यांच्या फौजा बंगालमध्ये शिरल्या, तेव्हा तेथील खेड्यांवर काय गुदरले हे गंगाराम नावाच्या कवीने बंगालीत ‘महाराष्ट्रपुराण’ या काव्यात सांगितले आहे. त्या काव्याच्या नावातच महाराष्ट्र आहे. त्या खेड्यांतील माणूस मराठी ऐतिहासिक कादंबरीत किती वेळा बोलला? त्याची झोपडी जळाली ती कोणाच्या शौर्याला पार्श्वभूमी म्हणून?

क्षमा मागण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. ती देण्याचा अधिकार मात्र ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा. हा अधिकार त्याच्याकडून काढून घेऊन जी कादंबरी नायक-नायिकेचे हात जुळविते, तिचा सुखान्त कितीही प्रेरणादायी असो, तो चोरीचा माल आहे. आणि त्या चोरीचा छडा लावणारे प्रकरण अद्याप कोणत्याही रहस्यात गुंफले गेलेले नाही.