लाल पानाशेजारी पांढरा कागद

मार्च महिन्यात सह्याद्रीच्या एखाद्या रानात हिंडायला गेलात, तर लांबूनच लालभडक दिसणारे एखादे झाड तुमचे लक्ष वेधून घेईल. ती फुले असतील असे वाटते, पण असते ती कुसुंबाची कोवळी पालवी. युरोप-अमेरिकेतील मेपलची पाने लाल होतात ती थंडीच्या तोंडावर, गळण्यापूर्वी. आपला कुसुंब लाल होतो तो उन्हाळ्याच्या तोंडावर, पालवी फुटताना. दोन्हीकडची लाली मात्र अँथोसायनिन या एकाच गटातील रंगद्रव्यांची. पिवळ्या पानाचे तसे नाही. त्यातला पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो. हरितद्रव्य नाहीसे होऊ लागले की तो दिसू लागतो.

अशा झाडाचे छायाचित्र काढण्याचा मोह कोणालाही होईल. अवश्य काढा. मात्र त्याला निरीक्षण म्हणायचे असेल, तर निदान एका चित्रात पानाशेजारी साधा पांढरा कागद धरा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

कागद कशासाठी? झाडाखाली पोचणारा प्रकाश पानांतून गाळून आलेला असतो. पाने तांबडा व निळा प्रकाश बराचसा शोषून घेतात, त्यामुळे तो हिरवट होतो. मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत प्रकाश निळसर असतो, तर मावळतीला तांबूस. मोबाइलचा कॅमेरा हा फरक आपल्या हिशेबाने पुसून टाकू पाहतो. त्याची एक जुनी, सोपी रीत अशी : समोरच्या सर्व रंगांची सरासरी करडी आली पाहिजे असे धरून चालायचे आणि ती तशी येत नसेल तर रंग बदलायचे. वर्गात किंवा मैदानावर हे बरे चालते. पण चौकट कुसुंबाच्या पालवीने भरली, की तांबडा रंग ‘जास्त झाला’ असे समजून कॅमेरा तो कमी करतो! हल्लीचे कॅमेरे याहून हुशार आहेत. तरी त्यांचाही तो अंदाजच. शेजारचा कागद चित्रात निळसर आला असेल, तर पानाचा रंगही ढळला आहे हे लगेच कळते. कागद पानावर पडणाऱ्या प्रकाशातच हवा, हे ओघाने आलेच.

पान चकाकत असेल, तर पोलरॉइड काचेचा चष्मा भिंगापुढे धरून हळूहळू फिरवा. चकाकी कमी होऊन खालचा रंग वर येईल. ध्रुवित प्रकाशाचा इतका सुरेख प्रयोग आमच्या प्रयोगशाळेतही होत नाही.

शिक्षकांना एक विचारावेसे वाटते. सहलीनंतरच्या स्पर्धेत बक्षीस सर्वांत भडक चित्रालाच का? मी तरी ते तारीख, वेळ आणि झाडाचे ठिकाण लिहिलेल्या चित्राला देईन, मग ते थोडे फिके असले तरी चालेल. जपानच्या हवामान खात्याने १९५३ पासून मेपल व जिंको यांची पाने रंगण्याच्या तारखा ठरावीक झाडांवरून नोंदवल्या आहेत. ऋतू पुढेमागे सरकत आहेत की काय, हे पाहायला आज त्या नोंदी उपयोगी पडतात. आठवीच्या वर्गाने एक झाड निवडले आणि दर मार्चमध्ये त्याच जागेवरून, त्याच वेळी, कागद धरून चित्र घेतले, तर दहावीपर्यंत तीन वर्षांच्या नोंदी होतील. पुढे हे काम खालच्या वर्गाकडे सोपवावे.

शाळेजवळ कुसुंब नसेल, तर पिंपळ घ्या. त्याचीही कोवळी पालवी तांबूसच असते.